हाडामांसाची विद्या

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा अध्यक्ष महोदयांनी घेतलाच आहे. मला नेमून दिलेला विषय ‘दहावीनंतरच्या वाटा’ असा आहे. सगळ्या वाटा एका भाषणात दाखवू गेले तर कोणतीच धड दिसणार नाही. म्हणून आज एकाच वाटेविषयी बोलते. ती आहे भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची. आणि त्यातही हाताने सांधे व स्नायू हाताळून केल्या जाणाऱ्या उपचाराची. हीच वाट निवडण्याचे कारण असे की, यंदा निकालानंतर या विषयाबद्दल दोन प्रश्न अनेक पालकांनी मला विचारले. पहिला प्रश्न उघडपणे विचारला गेला: “बाई, मराठीतून शिकलेल्या मुलीला ते लॅटिन शब्द झेपतील का?” दुसरा थोडा आवाज खाली आणून: “शेवटी मालीशच ना, बाई? त्यासाठी एवढा अभ्यास कशाला?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. कारण ते पटले, तरच पहिल्याला अर्थ आहे.

आपण वडोदऱ्याचे रहिवासी आहोत. हाताने सांधे बसवण्याची विद्या या शहराला परकी नाही. उस्ताद जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव याच शहरात आखाडा चालवीत आणि नामांकित अस्थिवैद्य म्हणूनही ते ओळखले जात. द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच शहरातून मराठीत निघाला. मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात या वारशाची आठवण ठेवणे उचितच आहे. आखाड्यातल्या जाणत्या माणसाच्या बोटांना अनुभवाने पुष्कळ कळत असे. परंतु अनुभवाची विद्या ज्याच्या हातात असते, त्याच्याबरोबरच बहुधा जाते. ती दुसऱ्याला नेमकी देता यावी, पारखता यावी आणि चुकली तर दुरुस्त करता यावी, यासाठी शरीररचनेचे शास्त्र लागते.

ही जाणीवही आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृत शरीराच्या अभ्यासाची रीत सांगितली आहे. शरीर गवतादिकांनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सोडावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, वेळू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शल्य शिकणाऱ्याने ग्रंथात वाचलेले प्रत्यक्षाशी ताडून पाहावे, हा त्यामागचा आग्रह. सुश्रुतांनी हाडे तीनशे मोजली. आज आपण प्रौढ माणसात २०६ मोजतो. फरकाचे एक कारण असे की, त्यांनी दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्या होत्या. तान्ह्या बाळात तर अस्थिखंड सुमारे पावणेतीनशे ते तीनशे असतात. वय वाढते तसे ते एकमेकांना जुळत जातात. मोजणी कशाची आणि कोणत्या वयाची, हे ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो, हा धडाही यातून मिळतो.

युरोपातली कथाही बोधप्रद आहे. गेलेन या महान वैद्याने माकडे, डुकरे यांच्या विच्छेदनावरून पुष्कळ काही लिहिले आणि ते सुमारे तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे त्यात होते. १५४३ मध्ये व्हेसेलियसने स्वतः केलेल्या मानवी विच्छेदनांच्या आधारे सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो जबडा एकाच हाडाचा आहे, हे दाखवून दिले. जी गोष्ट प्रत्येकाच्या तोंडात होती, ती पाहायला तेराशे वर्षे लागली! आपल्या देशात १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी समाजाचा रोष पत्करून शवविच्छेदन केले. एका संस्कृत पंडिताच्या हातून हे घडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता ‘मालीशच ना’ या शंकेकडे वळते. केस कापून झाल्यावर मानेला हिसका देऊन ‘कट्’ असा आवाज काढून घेणारे अनेक जण या सभागृहातही असतील. तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी त्याचा संबंध आहे. पण धोका वेगळाच आहे. मानेत सात मणके आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी एकेक धमनी वर चढते. वरच्या सहा मणक्यांतून ती अशी ओवली जाते आणि शेवटी पहिल्या मणक्याभोवती वळसा घेऊन कवटीत शिरते. अवेळी, अजाण हाताने दिलेल्या जोरदार हिसक्याने तिचे अस्तर फाटू शकते आणि पक्षाघातही होऊ शकतो. ज्याला ही धमनी ठाऊक आहे, त्याचा हात मानेवर पडण्याआधी थबकतो. शरीररचनेचा अभ्यास प्रथम हे थबकणे शिकवतो.

दुसरे उदाहरण पोटरीचे. आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची एक पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर घरातले मायेने तेल लावून चोळायला बसतात. परंतु ती खोल शिरेत रक्त गोठल्याची खूण असू शकते. चोळण्याने ती गुठळी सुटली, तर थेट फुप्फुसात जाऊन अडकते. तिथे चोळणे नाही, ताबडतोब डॉक्टर. डाव्या दंडातली कळ हृदयाची असू शकते. उजव्या खांद्याच्या टोकाशी दुखणे पित्ताशयाचे असू शकते. पायात उतरणारी सायटिकेची कळ बहुधा कमरेच्या मणक्यापाशी सुरू झालेली असते. दुखते एका जागी, कारण दुसऱ्या जागी. हा नकाशा ज्याच्या डोक्यात नाही, त्याच्या हातात कितीही ताकद असली तरी ती आंधळी आहे.

मुलांनो, आता जरा हात पुढे करा. अंगठा वर ताठ ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, दोन दोऱ्यांच्या मध्ये एक लहानसा खळगा दिसतो आहे? जुन्या काळी तपकीर ओढणारे त्यात चिमूटभर तपकीर ठेवीत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीची डबीच म्हणतात. त्या डबीच्या तळाशी मनगटाच्या आठ लहान हाडांपैकी एक, होडीच्या आकाराचे हाड आहे. क्रिकेट खेळताना तुम्ही हात टेकून पडता तेव्हा ते मोडू शकते. गंमत अशी की, पहिल्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रात ती मोड कित्येकदा दिसतच नाही. आणि या हाडाला रक्त बोटांच्या बाजूकडून मिळते. मोड दुर्लक्षित राहिली, तर मनगटाकडचा तुकडा रक्ताविना निकामी होऊ शकतो. खळग्यात बोट दाबल्यावर मुलगा कळवळला, तर ‘लचक आहे, जाईल’ म्हणून सोडून द्यायचे नाही, हे सांगणारे ज्ञान केवळ दोन सेंटिमीटर जागेचे आहे. पण त्यावर एका मुलाच्या उजव्या हाताचे आयुष्य अवलंबून असते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते: मराठीतून शिकलेल्या मुलीला ते शब्द झेपतील का?

हे शब्द ज्यांनी ठेवले ते आपल्यासारखेच पाहणारे लोक होते. गुडघ्यावरच्या हाडाला लॅटिनमध्ये पटेला म्हणतात. त्याचा अर्थ लहानशी ताटली. आपली आजी त्यालाच गुडघ्याची वाटी म्हणत आली. दंड आवळला की वर येणाऱ्या उंचवट्यात रोमन लोकांना छोटा उंदीर दिसला, म्हणून स्नायूचे नाव ‘मस्क्युलस’, त्यावरून इंग्रजीत मसल. आपल्या लोकांना तिथे बेडूक दिसला, म्हणून ती दंडाची बेडकुळी! पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडात ग्रीकांना कोकिळेच्या कुळातील पक्ष्याची चोच दिसली, त्यावरून कॉक्सिक्स. आपण त्याला माकडहाड म्हणून मोकळे झालो. नडगीच्या हाडाचे नाव टिबिया, म्हणजे पावा. मांडी घालून बसायला मदत करणाऱ्या लांब स्नायूचे नाव सार्टोरियस, म्हणजे शिंप्याचा. कारण शिंपी तसा बसून शिवत असे. ज्या मुलीने घरात वाटी, बेडकुळी, पोटरी, घोटा, खुबा, मनगट, फरा, बरगडी हे शब्द ऐकले आहेत, तिच्याकडे शरीराचा अर्धा नकाशा आधीच आहे.

लांबलचक नावांची भीती वाटते ना? ‘एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस लाँगस’. ऐकताना छाती दडपते. पण आठवीत समासाचा विग्रह शिकवताना आम्ही काय सांगतो? शेवटापासून उलगडा. लाँगस म्हणजे लांब; रेडियालिस म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडालगतचा; कार्पी म्हणजे मनगटाचा; एक्स्टेन्सर म्हणजे मागे ताणणारा. मनगट मागे ताणणारा, अंगठ्याच्या बाजूचा लांब स्नायू. नाव सुटले की स्नायूचे स्थान कळले, कामही कळले. ज्याने ‘नीलकंठ’ आणि ‘चक्रपाणि’ सोडवले आहेत, त्याला हे अवघड का जावे?

खरी सावधगिरी वेगळ्या ठिकाणी हवी, आणि ती आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत वावरणाऱ्यांना अधिक हवी. मराठीत स्नायू म्हणजे मसल, गुजरातीतही तेच. हिंदीत मसलला मांसपेशी म्हणतात, आणि स्नायु या शब्दाने मज्जातंतूचा बोध होतो, बंगालीतही तसेच. सुश्रुतांच्या ग्रंथात पेशी म्हणजे मसल आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. आणि आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक! एकच शब्द चार दारांत चार अर्थांनी उभा. म्हणून सर्व जगात एकच राहणारी लॅटिन नावे शिकावीच लागतात. मातृभाषा समजून घेण्यासाठी आणि ती नावे दुसऱ्या तज्ज्ञाशी बोलण्यासाठी. एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आज याच क्षेत्रात आहे. तिचे नाव घेतलेले तिला आवडणार नाही. पहिल्या वर्षाची तिची वही तिने महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी दिली आहे. बाहेरच्या दालनात ती जरूर पाहा. प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत: पहिल्यात लॅटिन नाव, दुसऱ्यात त्याचा मराठीतला विग्रह, तिसऱ्यात घरातला शब्द आणि शेजारी पेन्सिलीने काढलेले चित्र. अकरावीत माध्यम बदलले तेव्हा पहिले सहा महिने ती वर्गात गप्प असे. पण तिसऱ्या वर्षी रुग्णालयात गेल्यावर खांदा आखडलेल्या एका वृद्ध मराठी आजींना नेमके काय होते आहे, हे सगळ्या तुकडीत तिनेच काढून घेतले. कारण ‘दुखणे’, ‘ठणकणे’, ‘चमक निघणे’, ‘अवघडणे’ आणि ‘मुंग्या येणे’ यांतला फरक तिला ठाऊक होता. आणि मुलांनो, हे पाचही शब्द वेगवेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात. मुंग्या येतात तेव्हा मज्जातंतूचा विचार करावा लागतो. सकाळी अवघडलेपण असेल, तर सांध्याचा. आजींना ते परभाषेत सांगता आले नसते.

आता अभ्यासाची रीत. शरीररचना पाठ करून येत नाही. प्रत्येक स्नायूविषयी चार गोष्टी विचाराव्यात: तो कोठून निघतो, कोठे जाऊन चिकटतो, कोणता मज्जातंतू त्याला चालवतो आणि तो आखडला की काय हलते. पहिल्या दोन गोष्टी नीट कळल्या, तर चौथी स्वतःच काढता येते. दोरी कुठे बांधली आहे हे दिसले, की ओढल्यावर कोणते दार उघडेल हे सांगता येते. मग चित्र काढावे आणि लगेच स्वतःच्या शरीरावर ती जागा शोधावी. आत्ताच करून पाहा. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या कडांवर हात ठेवा आणि अंगठे मागे मधोमध आणा. अंगठे साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी येतात. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जो मणका ठळक लागतो, तो बहुधा सातवा. असे टप्पे ठरले की मधले मणके मोजता येतात. कोपर अंगाला चिकटवून तळहात उताणा आणि पालथा करा. करंगळीच्या बाजूचे हाड जवळजवळ स्थिर राहते, आणि अंगठ्याच्या बाजूचे त्याच्यावरून फिरते. पुस्तकातले हे चित्र तुमच्या हातात चोवीस तास उघडे आहे.

खांद्याचे उदाहरण सांगून हा भाग पुरा करते. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला आहे, म्हणून तो स्थिर. खांद्याची खोबण मात्र उथळ बशीसारखी. त्यामुळे हात चौफेर फिरतो, आणि मोठ्या सांध्यांत निखळतोही सर्वांत जास्त. त्याला सावरून धरणारे चार लहान स्नायू आहेत. उपचार करणाऱ्याने सांध्याला किती हलवावे, याच्याही पायऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी अशा हालचालीचे चार स्तर सांगितले: वेदना जास्त असेल तेव्हा हलके आणि सुरुवातीच्या टप्प्यातले, सांधा आखडलेला असेल तेव्हा हालचालीच्या शेवटाशी नेणारे. जोर लावणे कुणालाही येते. किती जोर आणि कुठवर, हे कळण्यासाठी वर्षे जातात.

पालकहो, आता तुमच्या काळजीविषयी. आपल्या देशात या विद्येचे पद्धतशीर शिक्षण १९५२-५३ च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने अपंगत्व आलेल्या मुलांचे पुनर्वसन ही तेव्हाची निकड होती. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यसेवेतील अशा सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात भौतिकोपचाराचाही समावेश आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे. पदवीला प्रत्यक्ष प्रशिक्षणासह साडेचार ते पाच वर्षे लागतात. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची अधिकृत सूचना स्वतः वाचावी, आणि महाविद्यालयाला मान्यता आहे की नाही हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. काही आठवड्यांत ‘थेरपिस्ट’ बनवणाऱ्या वर्गांना भुलू नये. तेवढ्या वेळात मालीश शिकता येईल; मान हाताळण्याचा अधिकार येत नाही.

आणि हेही स्पष्ट सांगते की, सुरुवातीचे वेतन बहुधा बेताचे असते. काम उभ्याने आणि कष्टाचे आहे. स्वतःचे अंगठे, मनगट आणि कंबर सांभाळावी लागते. जिला माणसांचा कंटाळा आहे, तिने या वाटेला जाऊ नये. परंतु पक्षाघातानंतर पहिल्यांदा हातात पेला धरणारा माणूस ज्याने पाहिला, त्याला आपल्या विद्येचे मोल दुसऱ्या कुणाकडून समजावून घ्यावे लागत नाही.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो मोठ्यांसाठी आहे. या मुलांना शरीर शिकवणारा पहिला गुरू बोलत नाही. तो विच्छेदनाच्या टेबलावर निश्चल पडलेला असतो. कुणीतरी जिवंतपणी देहदानाचा अर्ज भरलेला असतो, आणि घरच्यांनी दुःखाच्या घडीला त्याचा शब्द पाळलेला असतो. दधीची ऋषींनी अस्थी दिल्याची कथा आपण दरवर्षी मुलांना सांगतो. ती आजही घडत असते, एवढेच मला नमूद करायचे आहे. ज्यांना हा विचार मानवेल, त्यांनी तो घरात उघडपणे बोलून ठेवावा. नुसता अर्ज भरून भागत नाही, वारसांना ठाऊक असावे लागते.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रयोगशाळेतला सांगाडा पहिल्या तुकड्यांपासून सेवेत आहे. त्याच्या डाव्या हाताची बोटे केव्हाच गळून गेली. उजवा गुडघा तारेने बांधलेला आहे. महोत्सवाच्या निधीतून सांध्यांसह हलणारी एक नवी प्रतिकृती घेण्याचा विचार आहे. त्यापेक्षाही मोलाचे म्हणजे, तुमच्यापैकी जे वैद्यक, शुश्रूषा किंवा भौतिकोपचार या क्षेत्रांत आहेत, त्यांनी वर्षातून एक शनिवार या शाळेला द्यावा. नववी-दहावीच्या मुलांना त्या सांगाड्यापुढे उभे करून मराठीतून शिकवावे. मुलांच्या मनातली लॅटिनची भीती माझ्या भाषणाने जाणार नाही. ‘मीही याच बाकावर बसत होते’ असे तुम्ही म्हणालात की ती जाईल.

ज्या पालकांनी मला ते दोन प्रश्न विचारले, त्यांची मी आभारी आहे. त्यांच्या प्रश्नांत मुलींविषयीची काळजी होती आणि शाळेवरचा विश्वासही. त्या विश्वासाला उतरण्याचे काम पुढच्या वर्षीही आम्ही करीत राहू. सर्व विद्यार्थ्यांना माझे आशीर्वाद.